अस्वलाच्या आतला सदरा

अस्वलकाकांना स्वतःचा चेहरा आहे, ही गोष्ट नाट्यगृहात फार थोड्या लोकांना ठाऊक होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो रोज पाहिला होता, पण त्यांना अस्वल ठाऊक नव्हतं. रंगाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही पाहिला असेल; पण गिऱ्हाईक डब्यातल्या रंगाकडे बघतं, रंग ढवळणाऱ्याकडे कोण बघतो? आठवडाभर काका दुकानात रंग कालवायचे आणि रविवारी सकाळी अस्वल व्हायचे. नाट्यगृहात दर रविवारी मुलांचं नाटक असे आणि नाटक कुठलंही असो, त्यात एक अस्वल असायचंच. कधी मध चोरणारं, कधी हरवलेल्या मुलीला घरी पोहोचवणारं, कधी नुसतंच झोपाळू. बावीस वर्षं त्या अस्वलाच्या आत काका होते. म्हणून नाटकमंडळी त्यांना अस्वलकाका म्हणत, तेही दार लावून, मुलं ऐकत नाहीत ना याची खात्री करून.

कारण मंडळाच्या बाईंचा तसा नियमच होता. बाई म्हणजे ज्यांनी हे मुलांचं नाटक सुरू केलं त्या. लिहायच्या त्याच, बसवायच्या त्याच आणि ओरडायच्याही त्याच. त्यांनी पहिल्याच दिवशी काकांना बजावलं होतं, "मुलांसमोर डोकं काढायचं नाही. उकडलं तरी नाही, खाज सुटली तरी नाही. घेरी आली तर खुशाल पडा, पण डोक्यासकट पडा." काका एकदा खरोखरच पडले होते, आणि डोक्यासकट पडले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ते डोकं म्हणजे वेताचा सांगाडा, वर स्पंज आणि त्यावर लोकर. अस्वल उंच दिसावं म्हणून ते असं बनवलेलं की अस्वलाचे डोळे काकांच्या टाळूच्या वर यायचे आणि काकांचे डोळे अस्वलाच्या तोंडात. तोंडाला काळी जाळी. जाळीतून जेवढं दिसेल तेवढंच जग. डावीकडे बघायचं तर नुसते डोळे फिरवून उपयोग नाही, कमरेपासून अख्खं वळायला हवं. हसायचं तर दोन्ही पंजे पोटावर ठेवून खांदे गदागदा हलवायचे. रडायचं तर पंजे खाली सोडून पाठीला पोक काढायचा. आत चेहरा काय करतोय याला काडीचीही किंमत नाही, आणि ज्याला किंमत नाही ते माणूस करायचं सोडून देतं. काकांच्या चेहऱ्याने काम करायचं कधीच सोडून दिलं होतं. सगळा कारभार खांद्यांनी आणि पोटाने हातात घेतला होता.

प्रयोग संपला की काका रंगपटात यायचे. तिथे त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि मुलगी, लहान होती तेव्हापासून, अस्वलाचे दोन्ही कान धरून डोकं वर ओढायची. ते थोडं अडायचं, मग एकदम निघायचं आणि आतून काका बाहेर यायचे: लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, अंगात घामाने भिजलेला सदरा. पहिला श्वास घेताना त्यांचे डोळे आधी मुलीला शोधायचे, मग तांब्याला. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे असायचं त्याला पुस्तकात कृतज्ञता म्हणतात. काका म्हणायचे, "सुटलो बुवा! पण काय मजा आली आज." मग डोक्याच्या नाकावर थोपटून त्यालाही विचारायचे, "दमलास का रे?"

तो सदराही सांगायलाच हवा. अस्वलाच्या आत घालायला बायकोने तो जुन्या पडद्याच्या सुती कापडाचा शिवला होता. कॉलर नाही, गुंडी नाही, बाह्या अर्ध्या. दर रविवारी भिजायचा, दर रविवारी धुतला जायचा. विरला की बायको ठिगळ लावायची, फाटला की उरलेल्या पडद्यातून नवा बेतायची. मूळचा तो तपकिरी होता. आता त्याला जो रंग आला होता तो दुकानाच्या शेडकार्डावर कुठेच नव्हता, आणि काका हे अगदी अभिमानाने सांगायचे.

या सुखाच्या संसारात एकच कुसळ होतं, आणि ते काकांच्या डोळ्यात बरीच वर्षं सलत होतं.

मुलगी शाळेत असताना एकदा वर्गात बोलून गेली होती, की रविवारचं अस्वल म्हणजे माझे बाबा. पोरं हसली. सगळ्यात जास्त हसली ती शेजारच्या घरातली तिची जिवाभावाची मैत्रीण, दोन वेण्यांची. तिने काकांना रोज संध्याकाळी रंगाचे डाग घेऊन घरी येताना पाहिलेलं. ती म्हणाली, "तुझे बाबा? ते तर दुकानात असतात. दाखव बघू." पुढच्या रविवारी प्रयोग संपल्यावर अस्वल नेहमीप्रमाणे मुलांना टाटा करायला नाट्यगृहाच्या दारापाशी आलं, तेव्हा या दोघी पुढे आल्या. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, डोकं काढा ना. एकदाच." भोवती चिल्लीपिल्ली उभी होती. एक तर अस्वलाच्या पायाला मिठी मारूनच बसलं होतं. अस्वलाने दोघींच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि कमरेपासून वळून ते निघून गेलं.

रात्री काका म्हणाले, "रागावलीस?" तर मुलगी म्हणाली, "नाही. तुम्ही डोकं काढलं असतं तर ते पायाशी बसलेलं बाळ रडलं असतं." एवढीशी पोर, पण समज केवढी! पण वर्गात तिचं नाव 'थापाडी' पडलं ते पडलंच. शाळा संपेपर्यंत तिने ते निमूटपणे वागवलं आणि गुपित काही फोडलं नाही. बाप म्हणून काकांना त्याचा अभिमानही वाटायचा आणि काळजात कळही यायची.

नाट्यगृहाच्या दर्शनी भागात काचेचा एक फलक होता. चालू नाटकातल्या नटांचे फोटो तिथे ओळीने लागायचे. अस्वलाच्या जागी अस्वलाचाच फोटो असायचा. काकांची एकच इच्छा होती, की आयुष्यात एकदा त्या काचेमागे आपलं तोंड लागावं आणि मुलीने बोट करून म्हणावं, हे माझे बाबा.

तर, बावीसाव्या वर्षी काकांच्या गुडघ्याने संप पुकारला. अस्वल एका नव्या दमाच्या नटाच्या अंगावर चढलं. काकांनी त्याला डोकं कसं घालायचं ते शिकवलं, घेरी आली तर कसं पडायचं तेही शिकवलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "चांगला आहे तो. अस्वल सुखात राहील." बायकोने त्या रविवारी सवयीने पाणी तापवलं, मग धुवायला सदराच नाही हे लक्षात येऊन त्याच पाण्यात पायपुसणी भिजत घातली.

पण बाई काही माणूस सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. मंडळ पहिल्यांदाच मोठ्यांचं नाटक करणार होतं. दिग्दर्शक बाहेरचा बोलावलेला. नाटकात एक म्हातारा पहारेकरी होता, बोलणं कमी आणि बघणं जास्त. बाईंनी काकांना बोलावून सांगितलं, "तो दिग्दर्शक आधी फोटो बघतो आणि मग माणसं बोलावतो. शनिवारपर्यंत तुमचा फोटो द्या. छातीपासून वर, नुसता चेहरा. रंगरंगोटी नको, सोंग नको. मी त्याला बोलले आहे, पण चेहरा बघितल्याशिवाय तो ऐकणार नाही. आणि काका, बावीस वर्षांत तुमच्या चेहऱ्याचा एकही फोटो मंडळाकडे नाही हो. मलाच लाज वाटली."

"काम मिळालं तर तो फोटो फलकावर लागेल?" काकांनी विचारलं.

"लागेल म्हणजे? लागायलाच हवा."

काका घरी आले ते हवेत तरंगतच. आणि आल्याबरोबर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: घालायचं काय?

आजवर हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. दुकानात डागाळलेले कपडे, नाटकात अस्वल. कपाट उघडलं तर धड म्हणावेत असे कपडे किती? एक निळा शर्ट, एक दुकानाच्या मालकांनी दिलेला मरून स्वेटर, एक पांढरा शर्ट आणि मेव्हण्याने 'मला होत नाही' म्हणून गळ्यात मारलेला कोट. काकांनी ते पलंगावर पसरले, दुकानातून आणलेलं शेडकार्ड काढलं आणि आरशापुढे उभं राहून एकेक पट्टी गालाला लावून बघायला लागले.

बायको भाजी निवडत दारातून बघत होती. "अहो, फोटो काढायचाय, भिंत नाही रंगवायची."

"अगं, माझा मूळ रंग कुठला तेच कळेना. तो कळल्याशिवाय वरचा कसा ठरवू?"

"वरचा राहू दे. आधी भेगा बुजवा आणि प्रायमर मारा."

काकांचे खांदे गदागदा हलले. चेहरा मात्र जागच्या जागी. बायकोला त्याची इतकी सवय होती, की नवरा हसतोय हे ती खांद्यावरूनच ओळखायची.

मुलगी दुसऱ्या गावी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. तिला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, "मी येते. पट्ट्यापट्ट्यांचं काही घालू नका, फुलाफुलांचं नको, चकचकीत नको. शर्ट कसा हवा, की बघणाऱ्याला नंतर आठवता कामा नये."

"मग घालायचा तरी कशाला?" काका म्हणाले.

"बाबा!"

"बरं बाई, घालतो."

ती आली ती पिशवीभर सूचना घेऊनच. मग कपडे घालून बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तिघांची तीन दिशांना तोंडं झाली. बायकोला निळा आवडला, कारण निळ्यात पोट दिसत नव्हतं. मुलगी म्हणे फोटो छातीपासून वर आहे, पोटाचा संबंधच नाही. काकांना स्वेटर हवा होता, कारण मालकांनी मनापासून दिलेला आणि तो घातला नाही तर मालकांना काय वाटेल. मालक कशाला येतायत फोटो बघायला, असं दोघींनी एकदम विचारलं. पांढऱ्या शर्टात काका लग्नाला आलेले दिसत होते. कोटात तर विम्याचे एजंट दिसत होते, आणि तेही पॉलिसी न खपलेले. शेवटी सगळंच पिशवीत भरायचं ठरलं. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, दुसरं काय?

निघताना बायकोने काकांची कॉलर नीट केली आणि तिची बोटं थांबली. "आत तो सदरा घातलात का?"

"असू दे गं," काका ओशाळून म्हणाले. "त्याच्याशिवाय पाय पुढे पडत नाही. वर काही का असेना, आत हा लागतो."

बायकोने सदऱ्याचा गळा शर्टाच्या आत ढकलला, दिसू नये म्हणून.

फोटो स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता, त्यामुळे गुडघ्याची परीक्षा जिन्यातच झाली. फोटोग्राफर शांत स्वभावाचा, सर्दीने बेजार झालेला माणूस. एरवी तो पासपोर्टचे फोटो काढायचा आणि तान्ह्या बाळांचे. बाळांसाठी त्याच्याकडे चूं चूं वाजणारं एक रबरी बदक होतं. करड्या कापडासमोर स्टूल, दोन बाजूंना दोन दिवे. त्याने काकांना बसवलं आणि म्हणाला, "काका, मान सरळ. फक्त डोळे माझ्याकडे."

काका कमरेपासून अख्खे वळले.

"नाही, वळू नका. नुसते डोळे."

काका परत सरळ झाले आणि पुन्हा तसेच वळले. त्यांना खरोखर वाटत होतं, की आपण नुसते डोळे फिरवले.

"बरं, थोडं हसा."

काकांचे दोन्ही हात पोटावर गेले आणि खांदे हलले. फोटोत खांदे धूसर आले आणि त्यांच्या मधोमध एक चेहरा आला, बंद दुकानासारखा. फोटोग्राफरने नाक पुसलं, इकडे तिकडे बघितलं आणि बिचाऱ्याने बदक वाजवलं. बदकाला दाद द्यायची म्हणून काकांनी पोट धरून खांदे आणखी हलवले.

शर्ट बदलले. निळा झाला, पांढरा झाला. स्वेटर घालून काका दिव्याच्या उष्णतेत उकडून निघाले. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघताना फोटोग्राफर जड नाकाने म्हणायचा, "शर्ट छान आलाय." आणि काय म्हणणार? रंग सुरेख आले होते, कॉलरी सुरेख आल्या होत्या. कोटाचा फोटो बघून बायको न राहवून पुटपुटली, "नाकापेक्षा मोती जड." मुलीने तिला कोपर मारलं, पण काकांनी ऐकलं होतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. काकांना त्या दिवशी स्वतःचं सोंग आणता येत नव्हतं. त्यांनी कोट काढला, शर्ट काढला, घडी करून पिशवीत ठेवला आणि स्टुलावर नुसते बसून राहिले. पाठीला पोक आला, हात खाली लोंबले. अस्वल रडायचं ते असंच, पण हे त्यांच्याही लक्षात आलं नसेल.

"मला चेहराच नाही गं," ते मुलीला म्हणाले. "बाईंना सांगून टाकतो. त्यांनी विचारलं हेच खूप झालं. अस्वलाने मला बावीस वर्षं सांभाळलं, आणखी किती मागायचं माणसाने? फक्त तुझ्यासाठी, म्हणजे, एकदा तो फोटो तिथे लागला असता तर..." दिव्यांखाली कपाळावर घाम आला होता आणि अंगात राहिला होता तो फक्त आतला सदरा, मानेपाशी भिजून गडद झालेला.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. केस कपाळाला चिकटलेले, सदरा भिजलेला. असे बाबा तिने शेकडो वेळा पाहिले होते. फक्त एक गोष्ट अजून व्हायची होती. तिने फोटोग्राफरच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तयार राहा. हसा म्हणू नका, इकडे बघा म्हणू नका. काहीच म्हणू नका." मग ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "संपलं नाटक. मुलं गेली सगळी."

काकांनी मान वर केली.

"खरंच गेली. दार लावलंय मी. आता डोकं काढा."

काकांचे हात आपोआप वर गेले, टाळूच्याही वर, जिथे अस्वलाचे कान असायचे तिथे. बोटांनी कान धरले. ते नेहमीसारखं थोडं अडलं, काकांनी मान आत घेतली, जोर लावला आणि ते निघालं. दोन्ही हातांनी ते अवजड, नसलेलं डोकं त्यांनी पुढे केलं आणि मुलीने ते तितक्याच जपून हातात घेतलं.

काकांनी श्वास घेतला. तोंड थोडं उघडं राहिलं. मान हलली नाही, कंबर वळली नाही. फक्त डोळे फिरले आणि मुलीवर येऊन थांबले. चेहरा कधी आला ते कळलंही नाही. बावीस वर्षांतला प्रत्येक रविवार त्या चेहऱ्यावर होता. पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिलेली बायको होती, कान धरून ओढणारी चिमुरडी पोर होती, ओरडणाऱ्या बाई होत्या आणि पायाला मिठी मारून बसलेलं ते कुणाचं तरी बाळ होतं. सगळ्यांचे आभार एका श्वासात मानून झाले.

फोटोग्राफरने एकदाच बटण दाबलं. पडद्यावर बघितलं आणि या वेळी शर्टाबद्दल काही म्हणाला नाही. त्याने फक्त विचारलं, "पुढे काय घालायचंय?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "हेच."

बायको पुढे आली, फोटो बघितला आणि पदराआड तोंड लपवायच्या ऐवजी तिने सरळ नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळं कपाट पालथं घातलं आणि शेवटी फोटो माझ्या पडद्यातच." तिचा आवाज मात्र भिजला होता. फोटोग्राफरने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने काकांच्या हातात दिली. काका एका दमात प्यायले आणि म्हणाले, "सुटलो बुवा."

दिग्दर्शकाने काकांना बोलावलं. वाचायला दिलं, चालायला लावलं आणि पहारेकऱ्याचं काम दिलं. नुसते डोळे फिरवायला शिकायला काकांना पुष्कळ तालमी लागल्या. बाईंना घसाही बराच खर्च करावा लागला. तरी अधूनमधून पहारेकरी कमरेपासून वळायचाच. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, पहारेकरी असाच वळत असेल.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी फोटो काचेमागे लागला. खाली काकांचं पूर्ण नाव. अस्वलाचा उल्लेखही नाही, कारण त्याच फलकाच्या दुसऱ्या टोकाला रविवारच्या अस्वलाचा फोटो होता, आणि बाईंचा नियम तो नियम.

प्रयोगाला अवकाश होता. मुलगी फलकासमोर उभी राहून फोटो बघत होती, इतक्यात मागून कुणीतरी हाक मारली. वळून बघते तर दोन वेण्यांची मैत्रीण. वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता आणि हाताशी एक लहान मुलगी होती. ती पोर सकाळचं मुलांचं नाटक बघून अस्वलाच्या फोटोसमोर उभी राहायचा हट्ट धरून परत आली होती.

मैत्रिणीने फलकाकडे बघितलं. "अगं, हे तुझे बाबा ना? नाटकात? कधीपासून?"

मुलीने फोटोकडे बोट केलं. "हे माझे बाबा. बावीस वर्षांपासून."

मैत्रिणीला आठवलं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती हसली, जरा अवघडून. "तू अजून तेच धरून बसलीयेस?"

काका पहारेकऱ्याच्या वेषात, बायकोचा निरोप घ्यायला म्हणून रंगपटातून बाहेर आले होते. ते मागेच उभे होते. आपला फोटो, त्यासमोर मुलीचं बोट आणि तिचा तो ताठ आवाज हे सगळं त्यांनी ऐकलं, बघितलं. त्यांना इतकं बरं वाटलं, की चेहऱ्याने हसायचं नुकतंच शिकलेलं सगळं ते विसरून गेले. दोन्ही हात पोटावर गेले आणि खांदे गदागदा हलायला लागले.

लहान मुलगी अस्वलाच्या फोटोपासून गर्रकन वळली. तिने काकांकडे डोळे विस्फारून बघितलं. "आई," ती म्हणाली, "हे आजोबा अस्वलासारखे हसतात!"

मैत्रिणीने काकांकडे बघितलं. हलणाऱ्या खांद्यांकडे बघितलं, पोटावरच्या हातांकडे बघितलं. मग कमरेपासून अख्खे वळून ते तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. लहानपणी डोक्यावर ठेवलेला तो केसाळ पंजा तिला आठवला असणार. काकांनी हसू आवरलं, लहान मुलीकडे एक नजर टाकली, या वेळी नुसत्या डोळ्यांनी, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई, हे अस्वल आहेत का?" पोरगी तिचा हात ओढत होती.

मैत्रिणीचे डोळे भरून आले होते. तिने दुसऱ्या हाताने आपल्या जुन्या मैत्रिणीचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"छे गं, काहीतरीच काय?" ती लेकीला म्हणाली. "अस्वल जंगलात राहतं. हे पहारेकरी आजोबा आहेत."